परदेशात काही झालं तर एम्बसी नक्की काय करते, आणि काय नाही करू शकत

आपल्याकडे आता परदेश म्हणजे काही फार मोठी गोष्ट राहिली नाही, दुबई थायलंड बाली व्हिएतनाम युरोप सगळीकडे मराठी ग्रुप दिसतात, आणि त्यात रिटायर झालेले काका-काकू, पहिल्यांदाच विमानात बसलेले आजी-आजोबा असे सगळेच असतात. तयारी पण मस्त असते, चिवडा लाडू मेतकूट, गोळ्यांची वेगळी पिशवी, सगळं. पण पासपोर्ट हरवला किंवा कोणी आयसीयूत गेलं तर काय करायचं असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, एम्बसी आहे ना. बरोबर आहे, एम्बसी आहेच, आणि तिथली माणसं खूपदा मनापासून मदत करतात. फक्त त्यांच्या हातात नेमकं काय असतं हे आधी माहिती नसेल तर ऐन वेळी चुकीच्या माणसाकडून चुकीची अपेक्षा ठेवून बसतो आणि तेवढ्यात महत्त्वाचे तास निघून जातात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात कुठे फोन करायचा इथून करू. दूतावास म्हणजे एम्बसी, ती साधारण त्या देशाच्या राजधानीत असते, आणि मोठ्या शहरांमध्ये वाणिज्य दूतावास म्हणजे कॉन्सुलेट असतात. इटलीत एम्बसी रोमला आहे आणि कॉन्सुलेट मिलानला, यूएईत एम्बसी अबुधाबीला आणि कॉन्सुलेट दुबईला. इंग्लंड ऑस्ट्रेलियासारख्या कॉमनवेल्थ देशात एम्बसीलाच हाय कमिशन म्हणतात, काम तेच. प्रत्येक ऑफिसला भाग वाटून दिलेला असतो, त्यामुळे दुबईत काही झालं तर अबुधाबीला फोन करून उपयोग नाही, ते दुबईचाच नंबर देणार. आणि काही छोट्या देशांत आपलं ऑफिसच नसतं, शेजारच्या देशातली एम्बसी ते काम बघते, म्हणजे मोनॅकोचं पॅरिसहून होतं, लक्झेंबर्गचं ब्रुसेल्सहून. युरोप टूरमध्ये पाच-सहा देश असतात तर प्रत्येक देशासाठी कोणतं ऑफिस लागू होतं आणि त्याचा इमर्जन्सी नंबर काय हे निघायच्या आधी त्यांच्या वेबसाइटवरून काढून मोबाईलमध्ये आणि एका कागदावर पण लिहून ठेवा. कागदावर अशासाठी की बॅग चोरीला जाते तेव्हा मोबाईल पण बऱ्याचदा त्यातच असतो.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. जीवावरचं काही असेल, म्हणजे अपघात, हार्ट अटॅक, मारहाण, आग, तर पहिला फोन एम्बसीला नाही करायचा, पहिला फोन तिथल्या लोकल इमर्जन्सी नंबरला. युरोपियन युनियनमध्ये कुठेही ११२, अमेरिकेत ९११, यूएईत पोलिसांना ९९९ आणि अ‍ॅम्ब्युलन्सला ९९८, थायलंडमध्ये टुरिस्ट पोलिसांचा ११५५. एम्बसीकडे अ‍ॅम्ब्युलन्स नसते, डॉक्टर नसतो, पोलिसांचे अधिकार नसतात. आधी माणूस सुरक्षित, मग एम्बसी, आणि त्याच्याच जोडीला इन्शुरन्स कंपनी.

आता सगळ्यात जास्त वेळा होणारी भानगड, पासपोर्ट हरवणं. इथे घाई करू नका असं मी म्हणेन, निदान अर्धा तास तरी. हॉटेलची रूम, बसची सीट, जॅकेटचे आतले खिसे, बरोबरच्या माणसाच्या बॅगा, सगळं नीट बघा. कारण एकदा तुम्ही पासपोर्ट हरवला म्हणून रिपोर्ट केला आणि तो सिस्टीममध्ये रद्द झाला की नंतर सोफ्याखाली सापडला तरी त्यावर प्रवास करता येत नाही. पण खरंच गेलाय अशी खात्री झाली की मग मात्र वेळ काढू नका, जवळच्या पोलीस स्टेशनला जाऊन तक्रार द्या आणि तिची लेखी प्रत घ्या. ती प्रत तिथल्या भाषेत असली तरी हरकत नाही, पण हवीच, कारण पुढे एम्बसी, तिथलं इमिग्रेशन, इन्शुरन्स, आणि इथे परत आल्यावर पासपोर्ट ऑफिस, सगळे तीच मागतात.

मग एम्बसीत जायचं. तिथे दोन रस्ते असतात. एक म्हणजे नवीन पासपोर्ट, त्याला वेळ लागतो, जे लोक तिथे नोकरीला शिक्षणाला राहतात त्यांना तो बरोबर. आणि फिरायला गेलेल्यांसाठी इमर्जन्सी सर्टिफिकेट, सगळे त्याला ईसी म्हणतात. हे ईसी म्हणजे भारतात परत येण्यापुरता दिलेला कागद, एकाच बाजूचा प्रवास, बस. त्यावर तुम्ही उरलेली टूर करू शकत नाही, आज पॅरिसला पासपोर्ट गेला तर परवाचं लंडन गेलंच समजा. हे ऐकून लोकांना फार वाईट वाटतं, साहजिक आहे, आयुष्यभराचे पैसे साठवून केलेली ट्रिप असते. पण एम्बसीतल्या माणसाशी त्यावरून हुज्जत घालण्यात अर्थ नाही, तो त्याचा नियम मोडू शकत नाही.

ईसी द्यायच्या आधी एम्बसीला एकच गोष्ट पक्की करायची असते, की समोरचा माणूस खरंच भारतीय नागरिक आहे. तुमच्याकडे पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची कॉपी असेल, व्हिसाची कॉपी असेल, फोटो असतील, तर त्यांना रेकॉर्डमध्ये शोधणं सोपं जातं आणि काम कधी त्याच दिवशी कधी दोन-तीन दिवसांत होतं. काहीच नसेल, नंबरही आठवत नसेल, तर इथे भारतात चौकशी करून उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, पासपोर्टची स्कॅन कॉपी स्वतःच्या ईमेलला पाठवून ठेवा, एक घरी मुलाकडे किंवा सुनेकडे ठेवा, आणि चार पासपोर्ट साइज फोटो बरोबर घ्या, पण पासपोर्ट असलेल्या बॅगेत नाही, दुसऱ्या बॅगेत.

आणि ईसी हातात आलं म्हणजे लगेच विमानात बसता येतं असं प्रत्येक ठिकाणी नसतं. तुमच्या देशात येण्याचा शिक्का, व्हिसा, सगळं त्या हरवलेल्या पासपोर्टवर होतं, त्यामुळे थायलंडसारख्या देशात तिथल्या इमिग्रेशन ऑफिसला जाऊन ती नोंद नवीन कागदावर करून घ्यावी लागते. ते ऑफिस शनिवार-रविवारी बंद असू शकतं. म्हणून तिकीट बदलताना एम्बसीत आधी विचारा की यानंतर अजून कुठे जायचंय, आणि मगच फ्लाइटची तारीख घ्या.

स्कूटर भाड्याने देणारे लोक बाली-थायलंडला सर्रास पासपोर्ट डिपॉझिट म्हणून मागतात. देऊ नका. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते, ती गहाण ठेवायची गोष्ट नाही, आणि स्कूटरला ओरखडा पडला की तोच पासपोर्ट अडवून हवे तेवढे पैसे मागायचे प्रकार होतात. कॉपी द्या, पैसे डिपॉझिट द्या, नाहीतर दुसरं दुकान बघा.

आता पैशाचा आणि हॉस्पिटलचा विषय, इथे गैरसमज सगळ्यात जास्त आहेत. एम्बसी तुमचं हॉस्पिटलचं बिल भरत नाही, हॉटेलचं भरत नाही, दंड भरत नाही, तिकीट काढून देत नाही. एक फंड आहे, इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड, २००९ साली सुरू झाला आणि २०१७ मध्ये त्याचे नियम वाढवले, आणि त्यातून राहण्याखाण्याची सोय, परतीचं तिकीट, तातडीचे उपचार, वकील, मृतदेह पाठवणं अशा गोष्टींना मदत होऊ शकते. पण तो गरजूंसाठी आहे, माणसाची ऐपत बघून, खरंच दुसरा काही मार्ग नाही हे बघून देतात. आखातात मालकाने पगार अडवलेला कामगार, नवऱ्याने परदेशात सोडून दिलेली बाई, यांच्यासाठी तो फंड आहे, आणि त्यातले पैसे येतात कुठून, तर एम्बसीत पासपोर्ट-व्हिसाची कामं करणाऱ्या लोकांकडून घेतलेल्या छोट्या छोट्या रकमेतून. टूरला गेलेल्या कुटुंबाने तो आपल्यासाठी आहे असं धरून चालू नये, आणि मला तर वाटतं धरूही नये, तो ज्यांच्यासाठी आहे त्यांना खरंच दुसरं कोणी नसतं.

मग आपल्यासाठी काय, तर ट्रॅव्हल इन्शुरन्स. युरोपच्या शेंगेन व्हिसाला तो सक्तीचा आहे, किमान ३० हजार युरोचं कव्हर लागतं आणि त्यात उपचार आणि परत पाठवण्याचा खर्च दोन्ही यावं लागतं, म्हणून तिथे जाणाऱ्यांकडे तो असतोच. पण थायलंड, बाली, दुबई, नेपाळला जाताना लोक पाचशे-हजार रुपये वाचवायला तो घेत नाहीत, आणि अपघात काय देश बघून होत नाही. घेताना दोन गोष्टी विचारा. आधीपासून बीपी शुगर असेल तर त्यामुळे झालेल्या त्रासाला कव्हर आहे का, आणि स्कूटर चालवताना अपघात झाला तर कव्हर आहे का, कारण लायसन्स नसताना किंवा दारू पिऊन गाडी चालवली तर क्लेम नाकारला जातो. आणि हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट झालं की त्याच दिवशी कंपनीच्या चोवीस तासाच्या नंबरला कळवा, बिल भरून झाल्यावर नाही. एम्बसी या सगळ्यात काय करू शकते? हॉस्पिटलशी बोलू शकते, घरच्यांशी संपर्क करून देऊ शकते, भाषा कळत नसेल तर दुभाषा किंवा तिथला भारतीय समाज, मंडळं यांच्याशी गाठ घालून देऊ शकते. मराठी मंडळं खूप शहरांत आहेत आणि अशा वेळी ती लोकं डबा घेऊन हॉस्पिटलला जातात, हे कुठल्या नियमात लिहिलेलं नसतं पण होतं.

अटक झाली तर काय, हा विषय कोणाला नको वाटतो पण माहिती हवा. १९६३ चा व्हिएन्ना करार आहे, कॉन्सुलर संबंधांचा, त्याचं कलम ३६ म्हणतं की परक्या देशाच्या नागरिकाला अटक केली तर पोलिसांनी त्याला सांगायला हवं की तुझ्या देशाच्या एम्बसीला कळवायचा तुला हक्क आहे, आणि त्याने मागितलं तर विलंब न लावता कळवायला हवं. म्हणून पोलीस स्टेशनला एकच वाक्य, शांतपणे, पुन्हा पुन्हा, मला भारतीय एम्बसीशी बोलायचंय. आणि न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करायची नाही, दुभाषा मागायचा.

या कलमाची ताकद किती आणि मर्यादा किती हे कुलभूषण जाधव यांच्या केसमध्ये फार स्पष्ट दिसतं. मुंबईत कुटुंब असलेले हे निवृत्त नौदल अधिकारी, पाकिस्तानने २०१६ मध्ये त्यांना पकडल्याचं जाहीर केलं, २०१७ मध्ये लष्करी कोर्टाने फाशी सुनावली, आणि तोपर्यंत आपल्या अधिकाऱ्यांना त्यांना एकदाही भेटू दिलं नव्हतं. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, हरीश साळवेंनी बाजू मांडली, आणि १७ जुलै २०१९ ला निकाल आला की पाकिस्तानने कलम ३६ मोडलंय, एम्बसीला भेटू द्या आणि शिक्षेचा नव्याने विचार करा. पण सोडून द्या असं कोर्टाने सांगितलं नाही. म्हणजे बघा, देशाने सगळा जोर लावून केस जिंकली तरी कॉन्सुलर हक्काचा अर्थ सुटका असा होत नाही. साध्या केसमध्ये पण तेच. एम्बसीचा माणूस तुरुंगात भेटायला येईल, तब्येत विचारेल, मारहाण होत असेल तर तिथल्या सरकारला बोलेल, वकिलांची यादी देईल, घरी कळवेल. तो तुम्हाला सोडवू शकत नाही आणि कोर्टात तुमच्या वतीने उभा राहत नाही, तिथला कायदा तुम्हाला लागू आहेच.

त्यावरूनच एक, दिवाळीत दुबईला मुलाकडे जाताना अनारसे नेऊ नका, किंवा न्यायचेच असतील तर खसखस न लावता करा, कारण यूएईत खसखस बंद आहे, ती ड्रग्समध्ये धरतात. मसाल्यातली पण. काही वेदनाशामक गोळ्यांचं पण तसंच, प्रिस्क्रिप्शन बरोबर ठेवा आणि आधी चौकशी करा. सिंगापूर आणि थायलंडला ई-सिगरेट चालत नाही, मुलांना सांगून ठेवा.

मृत्यू. याबद्दल लिहायला जड जातं, पण ज्या घरावर ही वेळ येते त्यांना तेव्हा गुगल करायची ताकद नसते म्हणून आधीच वाचलेलं बरं. परदेशात कोणी वारलं की आधी तिथला मृत्यूचा दाखला लागतो. मृत्यू नैसर्गिक नसेल, म्हणजे अपघात, बुडणं, तर पोलीस चौकशी आणि पोस्टमॉर्टेम होतं आणि त्याला किती दिवस लागतील हे त्या देशावर अवलंबून असतं, एम्बसी पाठपुरावा करते पण घाई करायला लावू शकत नाही. मग घरच्यांनी ठरवायचं असतं, तिथेच अंत्यसंस्कार करून अस्थी आणायच्या की पार्थिव आणायचं. आणायचं असेल तर घरच्यांचं संमतीपत्र, शरीर टिकवण्याची प्रक्रिया झाल्याचं सर्टिफिकेट, एम्बसीचं ना हरकत पत्र, आणि एम्बसीने रद्द केलेला त्यांचा पासपोर्ट, एवढे कागद लागतात. २०२३ पासून आरोग्य मंत्रालयाचं ई-केअर नावाचं पोर्टल आहे, हेच कागद त्यावर टाकून इथल्या विमानतळाची परवानगी आधीच घेता येते, त्यामुळे एअरपोर्टवर ताटकळणं कमी झालंय. खर्च बराच येतो आणि इन्शुरन्समध्ये बऱ्याचदा तो कव्हर असतो, दुःखात लोक हे विसरतात, म्हणून जवळच्या कोणीतरी थंड डोक्याच्या माणसाने पॉलिसी काढून बघावी. ऑगस्ट २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या भाविकांची बस नेपाळमध्ये मर्स्यांगदी नदीपात्रात कोसळली, वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हा हवाई दलाच्या विमानाने पार्थिवं जळगावला आणली होती. एवढ्या मोठ्या दुर्घटनेत सरकार तसं करतं. एकट्या माणसाच्या बाबतीत विमान येत नाही, कार्गोने आणावं लागतं, हे आधी माहिती असलेलं बरं.

युद्ध, दंगल, भूकंप अशा वेळी गोष्ट वेगळी असते, तेव्हा सरकार मोठ्या प्रमाणावर लोकांना बाहेर काढतं, आणि आपल्या देशाचं यातलं काम खरंच अभिमान वाटावा असं आहे. येमेनमधून २०१५ ला ऑपरेशन राहत, युक्रेनमधून २०२२ ला ऑपरेशन गंगा, सुदानमधून २०२३ ला ऑपरेशन कावेरी. पण यात पण नीट समजून घ्या की विमान तुमच्या दारात येत नाही. युक्रेनची हवाई हद्द २४ फेब्रुवारीला बंद झाली, मग आपली मुलं, त्यात महाराष्ट्रातली मेडिकलची कितीतरी, थंडीत ट्रेनने आणि पायी पोलंड, हंगेरी, रोमानिया, स्लोव्हाकियाच्या सीमेपर्यंत पोचली आणि विमानं तिथून मिळाली. सुदानमध्ये खार्टूमहून शेकडो किलोमीटर बसने पोर्ट सुदान, तिथून बोटीने जेद्दा, मग विमान. आणि दर वेळी फुकट असतं असंही नाही, कोविडच्या वंदे भारत फ्लाइट्सना लोकांनी तिकिटाचे पैसे भरले होते.

युक्रेनमधल्या आपल्या एम्बसीने १५ फेब्रुवारीलाच सांगितलं होतं की राहणं गरजेचं नसेल तर तात्पुरतं निघा. कॉलेज ऑफलाइन होतं, हजेरी बुडेल, तिकिटं महाग होती, मुलांच्या अडचणी खऱ्या होत्या, त्यांना दोष नाही. पण अशी सूचना येते तेव्हा ती खूप विचार करून काढलेली असते, कारण दुसऱ्या देशातून माणसं काढून घ्यायला सांगणं हे कुठल्याही सरकारला अवघड असतं. तेव्हा एम्बसीचं एक्स (म्हणजे आधीचं ट्विटर) किंवा फेसबुक पेज फॉलो करा, शिकायला जाणाऱ्या मुलांनी आपली नोंदणी करून ठेवा, म्हणजे कोण कुठे आहे हे त्यांना कळतं.

एक मुद्दा खास अमेरिकेतल्या, इंग्लंडमधल्या आपल्या लोकांसाठी. एम्बसी मदत करते ती पासपोर्ट बघून. आई-वडील भारतीय पासपोर्टवर, मुलगी तिकडे जन्मली म्हणून अमेरिकन पासपोर्टवर, आणि सगळे फिरायला तुर्कस्तानला गेले, तिथे बॅग चोरीला गेली, तर आई-वडिलांनी भारतीय एम्बसीत आणि मुलीसाठी अमेरिकन एम्बसीत जायचं. परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नाही, त्यावर आपली एम्बसी ईसी देत नाही. आणि आई-वडिलांचा अमेरिकेचा व्हिसा हरवलेल्या पासपोर्टवर होता तर ईसी त्यांना भारतात आणेल, अमेरिकेत परत नाही नेणार, तिथून पुढे नवीन पासपोर्ट आणि नवीन व्हिसा. त्यामुळे कुटुंब दोन विमानात विभागलं जाऊ शकतं, याचा विचार आधी करून ठेवा.

फोन करताना घाबरून लांबलचक सांगू नका, नाव, पासपोर्ट नंबर, आत्ता कुठल्या शहरात कुठल्या हॉटेलात किंवा हॉस्पिटलात आहे, काय झालंय, कोणता नंबर चालू आहे, एवढं आधी सांगा, मग बाकीचं. इमर्जन्सी नंबर हा मृत्यू, अटक, अपघात, हरवलेला माणूस अशा गोष्टींसाठी असतो, व्हिसाच्या चौकशीसाठी रात्री दोनला त्यावर फोन करू नका, कोणाच्या तरी खऱ्या संकटाची लाइन अडते. एम्बसीच्या नावाने उलटा फोन आला आणि तुमच्या कागदात गडबड आहे, पैसे पाठवा म्हणाला तर तो फ्रॉड, एम्बसी फोनवर अशी पैशाची मागणी करत नाही, स्क्रीनवर एम्बसीचाच नंबर दिसला तरी.

इथे घरी बसलेल्यांनी काय करायचं? परराष्ट्र मंत्रालयाचं मदद नावाचं पोर्टल आहे, २०१५ पासून, त्यावर परदेशात अडकलेल्या माणसासाठी घरच्यांना तक्रार टाकता येते, नंबर मिळतो, आणि ती थेट संबंधित एम्बसीकडे जाते. पगार अडकला, तुरुंगात आहे, संपर्कच नाही, पार्थिव यायचंय, सगळ्यासाठी. मुंबईत बीकेसीला विदेश भवन आहे, तिथे मंत्रालयाची शाखा आणि कामगारांसाठीचं ऑफिस एकाच छताखाली आहे, गावाकडून कोणाला प्रत्यक्ष जायचं असेल तर तिथे जाता येतं. खासदारांच्या ऑफिसचं पत्र पण उपयोगी पडतं. सुषमा स्वराज मंत्री असताना एका ट्विटवर मदत मिळायची त्यामुळे अजूनही लोक आधी ट्विट करतात, करा, पण पोर्टलवर पण टाका, कारण ट्विट वाहून जातं आणि पोर्टलवर नोंद राहते.

आणि ईसीवर परत आलात की ते एअरपोर्टवर इमिग्रेशनला जमा होतं, म्हणून त्याचा फोटो आधीच काढून ठेवा. नंतर पासपोर्ट सेवा केंद्रात नवीन पासपोर्टसाठी अर्ज करायचा, तिथे तो फोटो, परदेशातली पोलीस तक्रार आणि जुन्या पासपोर्टची कॉपी तिन्ही मागतील, पोलीस व्हेरिफिकेशन पण होऊ शकतं, त्यामुळे पुढची ट्रिप लगेच बुक करू नका.